सीनिअरच्या हाताखाली

कायद्याची पदवी आणि बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, हाती आली तरी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी म्हणणे, कशी मांडावी आणि उलटतपासात कोणता प्रश्न मुळीच विचारू नये, हे नवोदित वकील ज्येष्ठाच्या हाताखालीच शिकतो. रोजनामा, म्हणजे खटल्याच्या कामकाजाची दैनंदिन नोंद, पाहणे, तारीख मागून घेणे, लाल शाईने भरून परत आलेला मसुदा पुन्हा लिहिणे, अशी ही उमेदवारी असते. सनदेपूर्वी वर्षभराचे प्रशिक्षण सक्तीचे करणारे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १९९५चे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये अधिकारकक्षेबाहेरचे ठरवल्यामुळे ही उमेदवारी ज्येष्ठांच्या मर्जीवर, खरे तर ओळखीपाळखीवरच, अवलंबून राहिली. ज्याच्या घरात आधी कोणी वकील नाही, त्याला कलमांपेक्षा खोलीभाडेच अधिक छळते. कौन्सिलने ऑक्टोबर २०२४मध्ये कनिष्ठांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली, परंतु तिला सक्तीचे बळ नाही. म्हणूनच जिल्हा वकील संघांनी अशा नवागतांना ज्येष्ठांशी जोडून द्यावे आणि विद्यावेतनाचा काही भार आपल्या निधीतून उचलावा.