रोबोट कोणी बांधला?

रोबोटिक्स स्पर्धेच्या बातमीत चषक असतो, हसरी मुले असतात, शाळेचे नाव असते. एक प्रश्न मात्र तिथे क्वचितच असतो: रोबोटचा प्रोग्राम कोणी लिहिला?

वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या नियमांनुसार बांधणी आणि प्रोग्रामिंग विद्यार्थ्यांनीच करायचे असते. स्पर्धा सुरू असताना प्रशिक्षकाला संघाच्या टेबलापाशी जाऊन सूचना देता येत नाहीत. नियम करणाऱ्यांना मोठ्यांच्या हातांची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. स्पर्धेच्या दिवशी दूर उभा असलेला प्रशिक्षक आधीचे तीन महिने कोठे उभा होता, हे कोणत्याच पंचाला दिसत नाही.

ते उघड होते अडचणीच्या क्षणी. वर्गात काळ्या रेषेवरून अचूक धावणारा रोबोट सभागृहात भरकटतो. कारणे साधी असतात. दिव्यांचा उजेड वेगळा असल्याने प्रकाश-सेन्सरसाठी ठरवलेली काळ्या-पांढऱ्याची सीमा चुकते. बॅटरी उतरल्याने मोटर मंदावते आणि सेकंदांच्या हिशेबाने घेतलेले वळण अपुरे पडते. ज्या मुलांनी हे आकडे स्वतः शोधले, ती सेन्सरचे मोजमाप पुन्हा घेऊ लागतात. ज्यांना आकडे तयार मिळाले, ती प्रेक्षकांत प्रशिक्षकाचा चेहरा शोधतात.

‘मुलांना वेळ नसतो, पालकांना निकाल हवा असतो,’ हा यावरचा नेहमीचा बचाव. त्याला उत्तर कोलकात्याच्या विज्ञानेतिहासात आहे. मेघनाद साहांचे विद्यार्थी बसंती दुलाल नागचौधुरी 1938 मध्ये बर्कलेला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्याकडे सायक्लोट्रॉन शिकायला गेले. पुढे निर्वात पंप घेऊन भारताकडे निघालेले जहाज युद्धात बुडाले. तयार यंत्रभाग समुद्रात गेले, तेव्हा पंप येथेच घडवण्याची धडपड करावी लागली. कामाला वर्षानुवर्षे लागली. पण त्या धडपडीत यंत्र घडवणारी माणसे तयार झाली. पुढे त्याच शहराच्या सॉल्ट लेक भागात देशातच उभारलेल्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉनमधून 1977 मध्ये पहिला किरणपुंज मिळाला. आज ते केंद्र आणि साहांच्या नावाची संस्था तिथे शेजारी शेजारी आहेत.

लॉरेन्स यांनी कोलकात्याचे यंत्र स्वतः येऊन जोडून दिले असते, तर यंत्र लवकर मिळाले असते. विद्या मिळाली असती का?

प्रशिक्षकाने काहीच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. उत्तम प्रशिक्षक सतत कामात असतो. फक्त त्याचे हात पाठीमागे असतात. ‘बॅटरीचा व्होल्टेज मोजला का?’ ‘एका वेळी एकच गोष्ट बदलली का?’ ‘कालची नोंद कुठे आहे?’ असे तो विचारतो आणि थांबतो. ते थांबणे कीबोर्ड ओढून घेण्याहून कितीतरी अवघड असते.

म्हणून पंचांनी प्रत्येक संघाला प्रोग्राममधील एक ओळ बदलायला सांगावी आणि परिणाम आधी विचारावा. बातमीदारांनी चषकाबरोबर संघाची नोंदवही पाहायला मागावी. आणि विद्यार्थ्यांनी, प्रशिक्षकाचा हात कीबोर्डकडे येताना दिसला, तर नम्रपणे म्हणावे: ‘सर, चुकू द्या. आम्हीच शोधतो.’