सूत्रधार हवा आहे

गेल्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पाहून झाल्यावर सहा विद्यार्थ्यांना एका घराच्या पडवीत बसवून मी त्यांच्याकडून १७५६ चा वेढा खेळवून घेतला. साहित्य म्हणाल तर हाताने काढलेला एक नकाशा, दोन फासे आणि चार पेन्सिली. एक जण बुरुजावरचा गोलंदाज झाला, एक गोदीतला सुतार, एकीने तांडेलाचे काम पत्करले. प्रसंग मी सांगावयाचा, आपले पात्र काय करील ते ज्याचे त्याने बोलावयाचे, आणि यशापयशाची शंका येईल तेथे फासा टाकावयाचा, एवढाच काय तो नियम.

या प्रकाराला इंग्रजीत रोलप्लेइंग गेम म्हणतात. मी आपला पात्रखेळ म्हणतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला, त्याची पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. त्याचे मूळ लष्करी पटांच्या खेळांत, म्हणजे मागे जाता जाता प्रशियन सैन्यातील अधिकाऱ्यांना १८२४ साली शिकविल्या गेलेल्या ‘क्रीगश्पील’पर्यंत पोचते. आज आपल्या महानगरांतील तरुण हा खेळ हौसेने खेळतात. आणि म्हणूनच बहुधा, हे शहरी, परदेशी खूळ आहे असा इकडे समज आहे.

तो समज सिंधुदुर्गात तरी टिकू नये. ज्या जिल्ह्यात दशावतारी नाटक रात्रभर चालते आणि त्याला लिखित संहिता नसते, त्या जिल्ह्याला पात्रखेळ परका कसा? आख्यान कोणते ते रंग चढविण्यापूर्वी ठरते, कोण कोणाचे काम करणार ते ठरते. पुढचे संवाद रंगमंचावर समोरच्याचा शब्द झेलून बोलावयाचे असतात. समोरच्या नटाने वाकडा प्रश्न टाकला तर राजाला तेथल्या तेथे उत्तर सुचावे लागते. फरक एवढाच की दशावतारात प्रेक्षक असतात, पात्रखेळात नसतात. नवख्याच्या दृष्टीने हा फरक मोठा सोयीचा आहे.

नवख्यांशी कसे वागावे हे मी चुकून शिकलो. आदल्या वर्षी असाच डाव मांडला तेव्हा अर्धा तास नियमच समजावून सांगितले, अगदी वर्गात सांगतो तसे, आणि परिणामही वर्गात होतो तोच झाला. या खेपेस तसे केले नाही. ‘‘इंग्रजांच्या गोळ्याने एका जहाजाने पेट घेतला आहे आणि बाकीची गलबते त्याच्या शेजारी बांधलेली आहेत,’’ एवढे सांगून मी एका अबोल मुलाकडे वळलो. ‘‘सर, माका ह्यातला काय्येक म्हायत नाय,’’ तो म्हणाला. मी म्हटले, नसू दे. तू तेथे उभा आहेस, काय करशील? त्याने थोडा विचार केला आणि विचारले, ‘‘भरती हा की ओहोटी?’’

मला उत्तर देता येईना. वाघोटनच्या खाडीत गलबत हलवायचे तर पहिला प्रश्न तोच, आणि तो माझ्या टिपणांत नव्हता. आम्ही फाशावर ओहोटी ठरविली, आणि त्यानंतरचा अर्धा तास तो मुलगा सगळ्यांना खाडी शिकवीत होता. वर्षभर त्याने माझ्या तासाला तोंड उघडले नव्हते.

इतिहासात आंग्र्यांचे आरमार जळाले आणि १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. तुळाजी स्वतः त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत होता आणि पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभी होती. हे वाक्य मी अनेकदा शिकविले आहे. परंतु तांडेल झालेल्या मुलीने ‘‘मग आम्ही पेशव्यांकडेच माणूस पाठवला तर?’’ असे विचारले, तेव्हा त्या वाक्यातली अडचण वर्गाला प्रथमच कळली. खेळात किल्ला वाचू द्यावा की नाही, यावर इतिहासाचे काही प्राध्यापक नाराज होतील. माझ्या मते वाचू द्यावा. निकाल ठरलेलाच असेल तर फासा टाकणे हे ढोंग आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळतो, कारण खरी अडचण तेथे आहे. सावंतवाडीची गंजिफा पाहा. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही कला मरू दिली नाही, हे त्यांचे मोठेच उपकार. दशावतारी गंजिफेची १२० गोल पाने आजही रंगविली जातात, पर्यटक ती भेट म्हणून नेतात. पण तो डाव मांडून खेळणारी चार माणसे किती गावांत मिळतील? वस्तू वाचली, भिडू उरले नाहीत. खेळाचे मोल टेलिफोनासारखे असते. दुसऱ्याकडे तो असल्याखेरीज आपल्याकडचा निरुपयोगी.

आणि भिडू येथून सतत जात असतात. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. जमलेला कंपू दोन वर्षांत मुंबई-पुण्याला पांगतो. म्हणून चार मित्रांच्या हौसेवर विसंबून चालणार नाही. खेळाला ठिकाण हवे, ठरलेला वार हवा, आणि आलेल्या नव्या माणसाला बसा म्हणणारे कोणीतरी हवे. १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत. तेथे टेबल आहे, दिवा आहे, आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघा-तिघांखेरीज पुष्कळ जागा आहे. नकाशा आणि फासे यांचा खर्च चहापेक्षा कमी.

महाग आहे तो सूत्रधार. दोन-अडीच तास सहा जणांचे ऐकून घेणारा, गप्प बसणाऱ्याला बोलता करणारा आणि स्वतः मोठेपणा न मिरविणारा माणूस सहजासहजी मिळत नाही. मला वाटते, तो शोधावयास शहरात जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात दशावतारी मंडळ्यांचे प्रयोग थांबतात आणि मंडळींपैकी कित्येकजण शेतीला लागतात. त्यांच्यातला एखादा जाणता नट जून ते सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रंथालयात बसला, तर पात्र कसे घ्यावे आणि शब्द कसा झेलावा हे माझ्यापेक्षा तो कितीतरी चांगले शिकवील. त्याला मानधन मात्र रोख आणि वेळेवर द्यावे. कलावंताने हौसेखातर यावे ही अपेक्षा आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती नेहमी पगारी माणसेच बाळगतात.