तक्ता तळातून वाचा

पदकांचा तक्ता वरून वाचायची सवय आपल्याला लावली कुणी? तळातून वाचा. तिथं पूर्व तिमोर आहे. १९७५ पासून २४ वर्षं इंडोनेशियाच्या लष्कराच्या टाचेखाली. १९९९ ला लोकांनी मतपेटीतून आझादी मागितली, तर लष्करानं पोसलेल्या टोळ्यांनी राजधानी जाळली. २००० ला सिडनी ऑलिंपिकला चार खेळाडू गेले, स्वतःच्या झेंड्याविना. २००२ ला देश झाला. २००३ ला व्हिएतनाममध्ये आग्नेय आशियाई स्पर्धेत उतरला. पदकं शून्य. २०११ ला केम्पोत सुवर्ण, तेही इंडोनेशियाच्याच भूमीवर!

एकच? म्हणून नाक मुरडणारे आहेतच. साला, घर जाळायचं आणि शर्यतीला उशीर का, म्हणून विचारायचं! मेरिटची ही भाषा आपल्याला कॉलेजच्या नोटीसबोर्डापासून पाठ आहे.