काही नाही होत!

पहिला पाऊस पडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे बेसमेंटचं पार्किंग तुंबतं. आणि दुसरी, हरिहरच्या जिन्याचा तो फोटो ग्रुपवर फिरायला लागतो.

तुम्हीही पाहिला असेलच. उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, त्यावर मुंग्यांसारखी चिकटलेली माणसं, सगळ्यांच्या अंगावर रंगीबेरंगी रेनकोट. खाली मजकूर: "शनिवारी रात्री निघणे, रविवारी रात्री परत. नवशिक्यांसाठीही सोपा!" ही शेवटची ओळ जो कोणी लिहितो त्याच्याशी माझं भांडण आहे. थोडं माझं माझ्याशीही आहे, पण ते पुढे येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हरिहर हा नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळचा किल्ला. निरगुडपाड्याकडून झाडीतून चढत धारेवर यायचं आणि समोर तो जिना. जाहिरातीत "80 अंश" म्हणतात. अंश मोजायला कोण गेलंय, पण वरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो एवढं नक्की. दर पायरीला दोन्ही बाजूंना हात रोवायला खोबण्या आहेत. 1818 साली इंग्रजांनी आपल्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, हा जिना मात्र वाचला. ज्याने तो खोदवला त्याचा हिशेब मला तरी सरळ दिसतो. येणारा एकामागोमाग एकच यावा, आणि त्याचे दोन्ही हात खोबणीत अडकलेले असावेत, म्हणजे हत्यार धरायला मोकळे राहणार नाहीत. थोडक्यात, माणसं अडकावीत म्हणूनच बांधलेली जागा आहे ही. आणि आपण तिथे एका रविवारी बसच्या बस रिकाम्या करतो.

कॉलेजात डेडलॉक शिकवला होता आठवतंय? दोन प्रोसेस, दोघांनी एकेक रिसोर्स धरून ठेवलाय, दुसऱ्याने सोडल्याशिवाय पुढे कोणीच जाणार नाही. हरिहरवर सकाळी अकरा वाजता हेच होतं. वर जाणारे आणि खाली येणारे जिन्याच्या मध्यावर समोरासमोर. कंप्युटरमध्ये अशा वेळी एक प्रोसेस मारून टाकतात. जिन्यावर काय करायचं?

2019 च्या जुलैत आम्ही टीममधले नऊ जण गेलो होतो. पायथ्याला सतरा बसेस मोजल्या होत्या मी. आमच्या बॅचमध्ये बेचाळीस डोकी आणि दोन लीडर, दोघंही पंचविशीच्या आतले. जिन्याच्या तळाशी आमची एक सहकारी म्हणाली, "मी इथेच थांबते रे." आणि मी, ज्याने त्याआधी हरिहर दोनदा केला होता, मोठ्या दिमाखात म्हणालो, "अगं चल, काही नाही होत!"

मधोमध पोचलो आणि तिने खाली पाहिलं. संपलं. बोटं खोबणीत रुतवून ती जागच्या जागी गोठली. वरून उतरणारे थांबले, खालून "अरे चला ना पुढे" सुरू झालं, पायऱ्यांवरून पाणी वाहतंय, वारा रेनकोट ओढतोय. एक लीडर माथ्यावर, दुसरा पार मागे. मी तिच्या बरोबर खाली, आणि मला जी एकच गोष्ट येत होती ती करत होतो, म्हणजे "काही नाही होत" म्हणत होतो.

पाऊण तासाने धारेवर लिंबूसरबत विकणारा एक गावकरी अनवाणी वर आला. मला बाजूला चेपून तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिला, तिचा पाय हातात धरून एकेका पायरीवर ठेवत गेला. "ताई, तोंड भिंतीकडंच ठेवा. पाय मी ठेवतो, तुम्ही फक्त हात सोडू नका." अशी एकेक पायरी करत तिला खाली आणलं. पैसे द्यायला गेलो तर त्याने फक्त सरबताचे घेतले. ती मला नंतर एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी हे सांगत सुटलोय की कातळावर चढणं आणि उतरणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. चढताना खोबणी डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय आंधळे असतात. म्हणूनच जिथून उतरता येत नाही तिथेही माणूस सहज चढून बसतो. म्हणजे निर्णय घ्यायची जागा जिन्याचा मध्य नाही, जिन्याचा तळ आहे. आणि नेमका तिथे आपण माणसाला निर्णय घेऊ देत नाही.

याच हरिहरच्या एका कड्याला "स्कॉटिश कडा" म्हणतात, कारण 1986 साली डग स्कॉट तो चढला. (गडी होता इंग्लिश. आडनावावरून आपण त्याला स्कॉटिश करून टाकला. असो.) एव्हरेस्टवीर माणूस. 1977 मध्ये काराकोरममधल्या ओगर शिखराचा माथा गाठून खाली निघाला आणि उतरायला सुरुवात करतानाच दोन्ही पाय मोडून घेतले. पुढचे कित्येक दिवस हातागुडघ्यांवर रांगत खाली आला. उतरण त्याला सुटली नाही, आणि आपण वीकेंडवाल्यांना "सोपा" सांगून वर चढवतो.

आता कोणी म्हणेल, मग काय घरी बसायचं? अजिबात नाही. "आमच्या वेळी एसटीने जायचो, भाकरी बांधून न्यायचो" म्हणणाऱ्या काकांइतकाच मीही कंटाळवाणा होणार नाही. मी स्वतः पहिला ट्रेक असल्याच बसमधून केलाय. पावसाळ्यात सरसकट बंदीचा बोर्ड लावणं हाही निव्वळ आळशीपणा वाटतो मला. 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांची नोंदणी आली. चांगलंच झालं. पण नोंदणीचा कागद जिन्यावर कोणाचा पाय धरायला येत नाही.

माझं मागणं फार छोटं आहे. पैसे भरताना नाश्त्याला पोहे की उपमा हे विचारतो ना आपण, तसंच विचारा: जिन्याखाली थांबलेल्या माणसाबरोबर कोण थांबणार? बहुतेक ठिकाणी उत्तर आहे, कोणी नाही. लीडर वर, दोस्त वर, आणि घाबरलेल्याने एकट्याने पावसात माकडांबरोबर तीन तास बसायचं. मग तो जिना चढतो. ती हिंमत नसते हो, नाइलाज असतो. वर पोचल्यावर त्याचा फोटो काढतात आणि खाली लिहितात, "भीतीवर विजय".

तळाशी थांबायचं ठरवलेल्याबरोबर एक माणूस ठेवला की बॅचचा खर्च वाढतो, हे मलाही कळतं. मग बेचाळीसची बॅच वीसची करा. धंदा आहे, करा ना धंदा, पण "सोपा" हा शब्द काढा.

या शुक्रवारी ग्रुपवर पुन्हा तो फोटो आला. नुकत्याच रुजू झालेल्या एका पोराने विचारलं, "मला उंचीची जरा भीती वाटते, जमेल का?" खाली अकरा अंगठे आणि चार वेळा "काही नाही होत". मी लिहिलं, "मी येतोय. जिन्याखाली थांबावंसं वाटलं तर मीही थांबेन, माझे दोन हरिहर झालेत. थर्मासमध्ये चहा आणतो."

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बस मात्र फुल्ल झाली म्हणे.