आपलेपणा कोणाचा?

मायकेल ब्लेक यांच्या 'डान्सेस विथ वुल्व्हज' (१९८८) या कादंबरीतील लेफ्टनंट डनबार सीमेवरील ओसाड ठाण्यावरून कोमान्चींच्या वस्तीत जातो आणि त्यांचाच होऊन जातो. हा प्रवास म्हणजे 'अन्या'चा स्वीकार होय, असे सरसकट मानले जाते. हे वाचन भाबडे आहे.

१९९०च्या चित्रपटाची पटकथा ब्लेक यांचीच. तीत कोमान्चींच्या जागी लाकोटा आले. कथेचा सांगाडा मात्र हलला नाही. दक्षिणेकडील मैदानांवरच्या जमातीची जागा उत्तरेकडील, सर्वस्वी निराळी भाषा बोलणारी जमात इतक्या सहजपणे घेते, याचा अर्थ डनबारला आपलेपणा लाभतो तो विशिष्ट समाजात नव्हे, तर गोऱ्या कल्पनेतील 'मूलनिवासी'पणात. टेन बेअर्स हे नाव तर तसेच राहिले. या नावाच्या कोमान्ची नेत्याने १८६७ साली मेडिसिन लॉज येथील वाटाघाटींत आपल्या लोकांची बाजू मांडली होती. इतिहासातील वक्ता संहितेत नायकाचा वडीलधारा हितचिंतक एवढाच उरतो.

चित्रपटात लाकोटा भाषा ऐकू येते, हे मोल नाकारता येत नाही. परंतु निवेदन डनबारच्या रोजनिशीचेच आहे.

सिंथिया ॲन पार्कर हिला कोमान्चींनी १८३६ साली पळवून नेले आणि ती कोमान्ची झाली. १८६० साली टेक्ससच्या रेंजर्सनी तिला 'सोडवून' आणले, तेव्हा तिने परत पळून जाण्याचे प्रयत्न केले. तिला दुसरा कोणताही समाज चालला नसता. समाज बदलूनही जी कथा बदलत नाही, ती त्या समाजाची कथा आहे असे समीक्षेने तरी मानू नये.