देवमाशाची भेट आणि आपली घाई

सहलीचा जमाखर्च मांडण्याची आपणां सर्वांस संवय असते. तिकिटास इतके रुपये पडले, त्याच्या मोबदल्यांत इतकें पाहिलें. कांहीं दिसलें नाहीं तर पैसे पाण्यांत गेले! विद्यार्थिमित्रहो, तुमचे शिक्षकही याला अपवाद नाहींत. गेल्या उन्हाळ्यांत धाकट्या बहिणीच्या आमंत्रणावरून आम्ही सहकुटुंब बॉस्टन शहरीं गेलों होतों. तेथून तिनें आम्हांस एक दिवस प्रॉव्हिन्सटाउन येथें देवमासे दाखविण्यास नेलें, आणि त्या दिवशीं मला माझ्या हिशेबीपणाची लाज वाटली.

मॅसॅच्युसेट्स प्रांताचें केप कॉड नांवाचें भूशिर कोपरांत वाकविलेल्या हाताप्रमाणें समुद्रांत शिरलें आहे. त्याच्या मुठीवर हें गांव वसलें आहे. जलद बोटीनें बॉस्टनहून दीड तास लागतो. १६२० सालीं मेफ्लॉवर जहाजानें प्लिमथला जाण्यापूर्वीं प्रथम नांगर टाकला तो याच बंदरांत. त्याच्या स्मरणार्थ बांधलेला २५२ फूट उंचीचा दगडी मनोरा दुरूनच दिसूं लागतो. हिवाळ्यांत वस्ती अवघी तीन-चार हजार. उन्हाळ्यांत मात्र नुसती जत्रा. अरुंद रस्त्यावर सायकली, चित्रकार, गवई आणि हातांत हात घालून रमतगमत चाललेलीं माणसें. पोर्तुगीज कोळ्यांचीं घराणीं येथें फार दिवसांपासून आहेत, आणि त्यांच्या भट्टीपुढें गरम पावासाठीं रांग लागते. (आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच, हें मीं मुलांना तेथेंच सांगून घेतलें. शिक्षकाची खोड!) मुलें इतकीं रमलीं कीं, देवमासे राहूं द्या म्हणूं लागलीं.

दुपारीं बोट निघाली. देवमाशाच्या नांवांत मासा असला तरी तो मासा नव्हे. तो आपल्या पिलांस दूध पाजतो आणि श्वास घेण्यास त्याला वर यावेंच लागतें. म्हणून तर तो आपणांस दिसतो. गांवाच्या उत्तरेस समुद्राच्या पोटांत स्टेलवॅगन नांवाचें पठार आहे. खोल पाणी त्याच्या कडेवर आदळून वर चढतें आणि पोषक द्रव्यें वर आणतें. त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्या जीवांवर वीतभर लांबीचे बारीक मासे, आणि त्या माशांसाठीं हंपबॅक जातीचे चाळीस-पन्नास फुटी देवमासे वसंत ऋतूंत येथें येतात. हिवाळ्यांत ते कॅरिबियन समुद्रांत असतात व तेथें जवळजवळ उपाशीच राहतात.

तासभर कांहींच दिसलें नाहीं. मग दूरवर एक कारंजें उडालें. कप्तानानें वेग कमी केला आणि बऱ्याच अंतरावर बोट उभी केली. माझा मुलगा म्हणाला, "पप्पा, जवळ कां नेत नाहींत?" मीं तोच प्रश्न बोटीवरील मार्गदर्शक बाईंस विचारला. त्या म्हणाल्या, "जवळ यावयाचें कीं नाहीं, तें त्यानें ठरवावयाचें." पाठ दिसली, शेपूट उंच उठलें, आणि पाणी मिटलें. मुलगा फुरंगटून बसला. खरें सांगावयाचें तर मीही. तेव्हां माझी पत्नी म्हणाली, "आपण जेवावयास बसलों असतां दारांत अशी बोट येऊन थांबली असती, तर?"

याच बंदरांतून एकोणिसाव्या शतकांत देवमासे मारण्यास गलबतें जात. त्यांच्या चरबीच्या तेलावर दिवे जळत. पुढें खनिज तेल निघालें, तरी वाफेच्या जहाजांनीं कत्तल उलट वाढविली. व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव १९८२ सालीं झाला व १९८६ पासून अंमलांत आला. त्याही आधीं, १९७५ सालीं, अल अव्हेलार नांवाच्या येथील कप्तानानें आपल्या बोटीवरून लोकांस केवळ देवमासे पाहण्यासाठीं नेण्यास आरंभ केला. शास्त्रज्ञ बरोबर असत. शेपटाच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे पट्टे प्रत्येकाचे निराळे, त्यांवरून ओळख पटते. 'सॉल्ट' नांवाची एक मादी तेव्हांपासून ठाऊक आहे. आतां तिच्या पिलांचीं पिलेंही ओळखीचीं झालीं आहेत. अशी ओळख पाठलाग करून होत नाहीं. बोटींच्या धडकेनें देवमासे मरतात, हेंही तितकेंच खरें. म्हणून बोट कोण चालवितो यापेक्षां बोटींत कोण बसलें आहे, याला मी अधिक महत्त्व देतों.

कारण आपल्या कोंकण किनाऱ्यावर मीं उलट प्रकार पाहिला आहे. चार डॉल्फिन, आणि त्यांच्याभोंवतीं यंत्रें भडभडवीत फिरणाऱ्या सहा होड्या. मी नावाड्यांस दोष देत नाहीं. "आणखी जवळ घ्या, पैसे दिले आहेत" असें ओरडणारे आम्हीच होतों. हंपबॅक आपल्या अरबी समुद्रांतही आहेत. ते इतरांप्रमाणें दूर स्थलांतर करीत नाहींत, आणि ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराच्या आंतच असावी असा अंदाज आहे.

येत्या हिवाळ्यांत आमच्या वर्गाची सहल कोंकणांत जावयाची आहे. होडीचें भाडें ठरवितांना मी एकच अट घालणार आहें : डॉल्फिन दिसतांच होडी दूर थांबवावी. एकही दिसला नाहीं तरी भाडें पुरें दिलें जाईल. वर्गणी पाठवितांना पालकांनीं हें ध्यानीं घ्यावें. मागाहून तक्रार ऐकली जाणार नाहीं.