बेटाची पैसेवारी

आजचा धागा समुद्राविषयी आहे आणि लिहिणारा परभणीचा आहे, जिथून कोणताही किनारा शेकडो किलोमीटर दूर पडतो. तरीही विषय मला परका वाटत नाही. का, ते ओघात येईल. तोवर वाचकांनी शीर्षकातील ‘पैसेवारी’ हा शब्द तेवढा ध्यानात ठेवावा.

मॉरिशस. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती. १८३४ पासून या बेटावर करारबद्ध मजूर नेले गेले. सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे उतरले आणि मुंबई बंदरातून निघालेल्यांत रत्नागिरी व तळकोकणातील मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आज एरवी क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

या मंडळींविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा गौरवाच्या सुरात. गौरव अस्थानी नाही. पण ही माणसे तेथे संस्कृती जपायला नव्हे, ऊस तोडायला गेली होती. त्या उसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. गंगाखेड-सोनपेठकडून उचल घेऊन कोयत्यावर जाणारी कुटुंबे पाहत जो वाढला, त्याला तोच प्रश्न आधी सुचतो.

१९६१ साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. एकच पीक, झपाट्याने वाढणारी लोकसंख्या, वरचेवर येणारी चक्रीवादळे. या बेटाचे भवितव्य त्यांना अंधारमय दिसले. मीड सामान्य निरीक्षक नव्हते, १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तरी त्यांचे हे भाकीत चुकले. का चुकले, याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक आंतरराष्ट्रीय कराराच्या कागदावर होते.

१९६८ साली मॉरिशस स्वतंत्र झाला. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोची राजधानी लोमे येथे आफ्रिका, कॅरिबियन व प्रशांत महासागरातील ४६ देशांनी युरोपीय आर्थिक समुदायाशी करार केला. त्याला जोडलेल्या साखरविषयक मसुद्यानुसार युरोपाने ठरलेली साखर हमीभावाने, आणि हे महत्त्वाचे, अनिश्चित काळापर्यंत विकत घेण्याचे मान्य केले. सर्वांत मोठा वाटा मॉरिशसला मिळाला, वर्षाला सुमारे पाच लाख टन. पुढील बहुतेक वर्षांत हा भाव जागतिक बाजारापेक्षा बराच वरचा राहिला. आपल्याकडे एफआरपीसाठी दर हंगामात आंदोलने होतात. येथे एका अख्ख्या देशाला तीन दशके भावाची खात्री होती. साखरेतून आलेले भांडवल कापड उद्योगात गेले, पुढे पर्यटनात गेले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. ऊसतोड मजुराची नात शिक्षिका झाली, ती या हिशेबातून.

मग हमी गेली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ साली निकाल युरोपच्या विरोधात लागला. युरोपने भाव ३६ टक्क्यांनी उतरवले. २००७ साली त्याने मसुद्यातून एकतर्फी अंग काढून घेतले व २००९ मध्ये तो संपला. ‘अनिश्चित काळ’ चौतीस वर्षांत भरला. मॉरिशसमध्ये कारखान्यांचे विलीनीकरण झाले, हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. युरोपने संक्रमणासाठी पैसा दिला, हेही नोंदवले पाहिजे. उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण करण्याचा कार्यक्रम १९९०च्या दशकात जागतिक बँकेच्या व जागतिक पर्यावरण सुविधेच्या साहाय्याने सुरू झालेला होता, तो या पडत्या काळात कामी आला. (हंगाम संपल्यावर त्याच संयंत्रांत कोळसा जळतो, हे मात्र कौतुक करणारे सांगत नाहीत.)

माझे मत येथून सुरू होते. छोट्या बेटांना आंतरराष्ट्रीय सहकार्याचा लाभ झाला, असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर मदत येते: अनुदान, कर्ज, तज्ज्ञ, जहाजातून आलेले सामान. हा लाभ खरा असतो, पण देणाऱ्याच्या मर्जीवर टिकतो. बेटांनी मिळवलेली अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. आपली दुर्बलता कोणत्या मापाने मोजावी, हे ठरवण्याच्या बैठकीत त्यांनी जागा मिळवली.

२०२० चा जुलै महिना पाहा. त्या महिन्याच्या आरंभी जागतिक बँकेने मॉरिशसची गणना ‘उच्च उत्पन्न’ गटात केली. आधार अर्थातच आदल्या वर्षाच्या दरडोई उत्पन्नाचा. त्या वेळी महासाथीमुळे पर्यटन ठप्प होते. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे, पनामाचा ध्वज लावलेले मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळात रुतले आणि ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे हजार टन इंधनतेल खाडीत पसरले. लोकांनी कापडी नळ्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले. ज्या पाचटाला आपण शेतात काडी लावतो, त्याने तेथे तेल अडवले! फ्रान्स व जपान धावले. भारताने तीस टनांहून अधिक सामग्री आणि दहा जणांचे तज्ज्ञ पथक पाठवले. पण भरपाईचा प्रश्न आला तेव्हा दिसले की तेलगळतीचा मोठा आंतरराष्ट्रीय निधी केवळ तेलवाहू जहाजांसाठी आहे. हे जहाज मालवाहू होते, म्हणून तो निधी लागू झाला नाही. पुढच्या वर्षी मॉरिशस उच्च उत्पन्न गटातून खालीही आला.

मराठवाड्यातील वाचकाला हे ओळखीचे वाटेल. आपल्या गावाचा दुष्काळ वर्षानुवर्षे पैसेवारीने ठरला. पन्नास पैशांच्या आत असेल तर टंचाई. वर असेल तर, विहीर कोरडी असली तरी, कागदोपत्री सुकाळ. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, मातीतील ओलावा, पिकांचे उपग्रहीय चित्र असे निकष आणले. त्यावरही वाद आहेत. दरडोई उत्पन्न ही बेटांची पैसेवारी आहे. एका वादळाने राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा भाग वाहून जाऊ शकतो, हे त्या आकड्यात दिसत नाही.

बेटांनी हे फार पूर्वी ओळखले. १९९० साली त्यांनी आपली आघाडी स्थापन केली, आज तिच्यात ३९ सदस्य आहेत. १९९४ साली बार्बाडोस येथील परिषदेच्या कृतिकार्यक्रमात दुर्बलतेचा निर्देशांक तयार करण्याची मागणी लिहिली गेली. त्सुनामीनंतर तीनच आठवड्यांच्या आत, जानेवारी २००५ मध्ये, पोर्ट लुई येथे पुढील आंतरराष्ट्रीय बैठक भरली. २०१४ मध्ये सामोआत, २०२४ मध्ये अँटिग्वात. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुआयामी दुर्बलता निर्देशांकाचा ठराव केला. तीस वर्षे लागली. हानीभरपाईच्या निधीला तर १९९१ च्या मागणीनंतर २०२२ चे शर्म अल-शेख उजाडले.

यावर आक्षेप रास्त आहे: ठरावाने पोट भरत नाही. निर्देशांकाचा वापर ऐच्छिक आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरी लोमेची हमी युरोपच्या एका निर्णयाने गेली. आमसभेचा ठराव असा कुणा एका धनकोला मागे घेता येत नाही. आणि ठरावांना पुढे पाय फुटतात. २०१९ साली वानुआटूतील विद्यापीठ-परिसरात कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची मोहीम सुरू केली. मार्च २०२३ मध्ये आमसभेने तो पाठवला, २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांची कर्तव्ये सांगणारे मत दिले. आमच्या वयाची मुले होती ती.

मॉरिशसला पुढचे सवलतीचे कर्ज मागायचे झाले, तर आजही आधी दरडोई उत्पन्नच पाहिले जाईल.